आमच्या कॉम्प्युटर मॅडमना, एका गणिताच्या मास्तरकडून

मॅडम, नमस्कार. फोनवरच बोललो असतो, पण फोनवर तुम्ही "अहो सर, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू आणि सगळ्यांना वाचू दे.

2020 च्या जूनमध्ये ऑनलाइन शिकवा म्हणून आलं तेव्हा स्टाफच्या ग्रुपवर नुसत्या लिंका, कोण झूम म्हणतंय, कोण मीट, कोण दीक्षा ॲप टाका म्हणतंय, आणि वेबिनार तर विचारूच नका, सकाळी एक संध्याकाळी एक आणि प्रत्येकाचं सर्टिफिकेट. माझ्याकडे दहावीची भूमिती. पोरांसमोर कंपास फिरवता येत नसेल तर रचना शिकवायच्या कशा, एवढंच मला विचारायचं होतं, आणि एकाही वेबिनारात ते कुणी सांगितलं नाही. तुम्ही सांगितलंत.

तेही ॲपपासून सुरुवात न करता. आधी विचारलंत, सर, फोन कुणाच्या घरी आहे आणि दिवसभर कुणाकडे असतो? बघितलं तर बऱ्याच जणांचा फोन वडिलांबरोबर रानात नाहीतर कामावर, म्हणजे सकाळचा लाइव्ह तास असून नसल्यासारखा, आणि दिवसाच्या दीड जीबीत दोन दोन भावंडं. मग तुम्हीच ठरवून दिलंत, शिकवायचं ते छोट्या व्हिडिओत, व्हॉट्सॲपवर जाईल एवढंच, आणि लाइव्ह रात्री जेवणानंतर, फक्त शंकांसाठी. फुकटचं झूम 40 मिनिटांनी बंद पडतं म्हणून सगळे वैतागलेले, तुम्ही म्हणालात बरंय की, त्याहून जास्त पोरं बसणार आहेत का!

व्हिडिओसाठी स्टँडही विकत घेऊ दिला नाहीत. दोन डब्यांवर लाकडी पट्टी, पट्टीच्या कडेला मोबाइल, कॅमेरा खाली वहीकडे, आणि "सर, तुमचं डोकं मध्ये येतंय".

पण खरे उपकार जिओजेब्राचे, म्हणजे भूमितीच्या आकृत्या काढून बोटानं हलवता येतात त्या ॲपचे. वर्तुळावर A आणि B पक्के, C मोकळा, C बोटानं सरकवायचा. C पाशी होणारा कोन 50 अंश तर 50 च, AB च्या त्या बाजूला कुठंही न्या. एकाच कंसातले आंतरलिखित कोन एकरूप असतात हे मी इतकी वर्षं फळ्यावर तीन तीन आकृत्या काढून सांगत आलो आणि पोरं मान डोलावत आली. इथं ती स्वतःच सरकवत बसली. वाडीवरच्या एका मुलीचा रात्री व्हॉइस मेसेज आला, "सर, C पलीकडे नेला तर 130 दाखवतंय, बिघडलं का?" अहो मॅडम, चक्रीय चौकोनाचे संमुख कोन पूरक, म्हणजे मिळून 180 अंश असतात हे प्रमेय मी अजून शिकवलंच नव्हतं, ती आपली आपण त्याच्या दारात जाऊन उभी!

गुगल फॉर्मचंही तसंच. वर्गमूळ, अपूर्णांक नीट टाइप होईनात तर तुम्ही म्हणालात वहीवर लिहा, फोटो काढा आणि प्रश्नाला लावा, पर्याय तेवढे शफल करा, कॉप्या आपोआप कमी होतात. (पूर्ण थांबत नाहीत, हे आपल्या दोघांत.) त्या बॅचची बोर्डाची परीक्षा 2021 ला रद्दच झाली, पण ती पोरं अकरावीत गेली तेव्हा भूमिती त्यांना परकी नव्हती, हे मी छातीठोक सांगतो.

आणि हे सगळं तुम्ही केलंत तेव्हा तुम्ही कॉन्ट्रॅक्टवर होतात, पगार कधी व्हायचा कधी नाही, आणि मास्तरांना शिकवणं तुमच्या कामात बसतही नव्हतं. कॉन्ट्रॅक्ट संपलं, तुम्ही गेलात, निरोप समारंभही झाला नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून आभार हे असे चारचौघांत.

सध्या वर्गात मोठा स्क्रीन आलाय, बाहेरच्या बिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका काढायची रचना त्यावर एकेक पायरी करून दाखवायचीय, पुढे मागे नेता येईल अशी. जिओजेब्रातली पायऱ्यांची पट्टी सापडली, पण मधल्या दोन पायऱ्या एकदमच उमटतात. सवडीनं फोन करा, आणि यावेळी विषय बदलू नका.