आमच्या आशाताईंस अनावृत आभारपत्र

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

येत्या बुधवारी आमची लेक आठ महिन्यांची होईल. रुग्णालयातील डॉक्टरांचे आणि परिचारिकांचे आभार आम्ही त्या त्या वेळी मानले. आमच्या वस्तीत घरोघरी फिरणाऱ्या आशा स्वयंसेविका म्हणून तुमचे मात्र राहून गेले, कारण प्रत्येक वेळी तुम्ही चहा अर्धा ठेवून पुढच्या घरी निघालात. ते आज चारचौघांसमोर मानते आहे.

माझ्या लग्नाला दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा तुम्ही फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घेऊन विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतील आमच्या दारात आलात. मी संकोचले. सासूबाईंना तर दिवस राहण्याआधीच औषध देणे अशुभ वाटले. तुम्ही उंबऱ्याशी बसून त्यांना तेलुगूत समजावलेत की, बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांतच मिटते, हृदयाची धडधडही त्याच सुमारास सुरू होते आणि तोवर पुष्कळ बायकांना पाळी चुकल्याची नीट शंकाही आलेली नसते. दिवस गेल्याचे कळल्यावर गोळी सुरू केली, तर ही घटका टळून गेलेली असते. रोजच्या 400 मायक्रोग्रॅमच्या त्या लहानशा गोळीमागे एवढा हिशेब असेल, हे मला कुणी शाळेतही सांगितले नव्हते.

आमच्या घरी सासूबाई आणि मी दोघी विड्या वळत होतो. तिसऱ्या महिन्यात तुम्ही माझ्या मांडीवरचे तंबाखूचे सूप पाहिलेत आणि न रागावता ते बाजूला ठेवलेत. तंबाखूची धूळ श्वासातून आणि बोटांच्या कातडीतून अंगात जाते, निकोटिनमुळे वारेकडे, म्हणजे पोटात बाळाला पोसणाऱ्या अवयवाकडे, जाणारे रक्त कमी होते आणि बाळाची वाढ खुंटू शकते, असे तुम्ही सांगितलेत. हजार विड्यांमागची मजुरी बुडाली की आमच्यासारख्या घरात काय होते, हे तुम्हाला सांगण्याची गरज नव्हती. म्हणून काम सोडा असे न म्हणता तुम्ही मला पाने कापायला बसवलेत, तंबाखू भरण्याचे काम सासूबाईंकडे दिलेत आणि सूप बाहेरच्या ओसरीवर हलवलेत. हा सल्ला आमच्या परिस्थितीला धरून होता, म्हणूनच तो पाळला गेला.

सातव्या महिन्याचे मूल जगते आणि आठव्याचे जगत नाही, ही समजूत आमच्याकडे अजून पक्की आहे. तुम्ही ती ठामपणे खोडून काढलीत. पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या पदरात पडतो. फुप्फुसांतील हवेचे बारीक फुगे श्वास सोडताना मिटून जाऊ नयेत म्हणून लागणारा स्निग्ध पदार्थ शेवटच्या आठवड्यांतच पुरेसा तयार होतो, असे तुम्ही समजावलेत. दिवस भरण्याआधी पाणी गेले तर कळांची वाट पाहायची नाही, हेही तुम्ही बजावले होते. 33व्या आठवड्यात एका पहाटे तसेच झाले, तेव्हा शेजारच्या बायका ‘अजून कळा कुठे आहेत’ म्हणत असतानाच मी रुग्णवाहिकेसाठी 102 क्रमांकाला फोन लावला. रुग्णालयात मला बारा-बारा तासांनी डेक्सामेथासोनची चार इंजेक्शने मिळाली, बाळाच्या फुप्फुसांना तयार होण्यास वेळ मिळाला आणि तिसऱ्या दिवशी 1 किलो 850 ग्रॅमची मुलगी जन्मली. ती स्वतःच्या बळावर रडली.

सासूबाईंना तिला मध चाटवायचा होता. तुम्ही त्यांचा हात धरून थांबवलेत. मग मी काढलेला चीक तिला वाटी-चमच्याने पाजला गेला. पुढे तिला उघड्या छातीशी बांधून ऊब देण्याची रीत शिकताना तुमच्याकडूनच कळले की, ती 1978 मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे, इनक्युबेटर अपुरे पडत असताना, डॉ. एडगर रे यांनी सुरू केली होती. इतक्या लहान बाळाच्या अंगावर पुरेशी चरबी नसते, ते स्वतःची ऊब राखू शकत नाही. ही रीत आमच्या यजमानांनीही रात्रीच्या रात्री पाळली.

परंतु ज्या दिवसासाठी हे पत्र लिहिते आहे, तो दिवस सिद्धेश्वर यात्रेतील अक्षता सोहळ्याचा होता. सारे गाव, जिथे अक्षता पडतात त्या संमती कट्ट्याकडे निघाले होते. बाळ पंचवीस दिवसांचे होते आणि आदल्या रात्रीपासून दूध नीट ओढत नव्हते. आम्ही दृष्ट काढली होती. ठरलेली भेट नसताना तुम्ही आलात. आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुतलेत, बाळ शांत होईपर्यंत थांबलात, दुपटे बाजूला केलेत आणि मनगटावरचे घड्याळ काढून तिच्या पोटाशेजारी ठेवलेत. पूर्ण एक मिनिट खोलीत कुणी बोलले नाही. 66 श्वास. तुम्ही म्हणालात, “एकदा मोजून चालत नाही.” दुसऱ्यांदा 64 भरले. मिनिटाला 60 किंवा त्याहून अधिक श्वास आणि त्यात दूध कमी, म्हणजे घरी ठेवायचे नाही, एवढेच सांगून तुम्ही स्वतः गाडी बोलावलीत आणि मिरवणुकीच्या गर्दीतून आमच्यासोबत आलात. बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग होता. वेळेवर सुरू झालेल्या औषधांनी तो आटोक्यात आला.

सण सोडून ज्या कामासाठी तुम्ही आलात, त्याचा मोबदला किती तोकडा असतो आणि तोही किती रखडतो, हे मला नंतर कळले. याची मला मनापासून खंत वाटते.

परवाच्या लसीकरणाच्या दिवशी तिचे वजन 6 किलो 700 ग्रॅम भरले. माता व बाल संरक्षण कार्डावर तो ठिपका तुम्हीच लावलात. समोरच्या ओळीत वैशाखात नवी सून आली आहे. ती तुमच्याकडून गोळ्या घ्यायला लाजते असे कळले, म्हणून उद्या सकाळी मी तिला घेऊन तुमच्याकडे येते. चहा मात्र या वेळी पूर्ण घ्यावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
विडी घरकुलातील एक आई
सोलापूर