पाचनईच्या वाटेवरील अनोळखी माणसांचे आभार

मे महिन्याच्या उकाड्याला कंटाळून आम्ही चौघे दोन रात्रींच्या निवांत मुक्कामासाठी हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी, अकोले तालुक्यातील पाचनई गावी गेलो होतो. सुमारे १४०० मीटर उंचीच्या या गडावर वारा असला, तरी कातळावरचे ऊन पुण्यातल्या उन्हाहून सौम्य नसते, हे आम्ही सोयीस्करपणे विसरलो आणि पहाटे निघायचे ते साडेनऊला निघालो.

अर्ध्या वाटेवर माझ्या वडिलांना घेरी आली. त्या वेळी कड्याखालच्या सावलीत ताक विकत बसलेल्या मावशींनी स्वतःचे गोणपाट अंथरून त्यांना निजवले, पाय उंचावर ठेवले आणि सावध झाल्यावर लिंबू, मीठ व साखर घातलेले पाणी स्टीलच्या पेल्यातून घोटघोट पाजले. पैशांचा विषय काढला, तेव्हा आम्ही नंतर प्यायलेल्या ताकाचेच तेवढे घेतले.

उतरताना ज्या दोन तरुणांनी वडिलांना हात दिला, आमच्या पिशव्या स्वतःच्या पाठीवर घेतल्या आणि गाव येताच नावही न सांगता पुन्हा गडाकडे वळले, त्यांचे आम्ही ऋणी आहोत. ज्यांच्या अंगणात आमचा तंबू होता, त्या कुटुंबाने शेजारच्या मुक्कामींना गाणी बंद ठेवायला लावली, म्हणूनच त्या रात्री वडील रातवा पक्ष्याचा आवाज ऐकत शांत झोपले.

केदारेश्वराच्या गुहेतील थंडगार पाणी पाहायचे राहिले. वडील आता हिवाळ्यात पुन्हा जायचे म्हणतात, आणि कारण मात्र मावशींच्या ताकाचे सांगतात.