भगिनी मंडळाच्या पुढाऱ्या घडवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

प्रभू येशूच्या नावाने सलाम. तुम्ही दिलेल्या प्रशिक्षणाबद्दल आम्ही सगळ्या पुढारी मनापासून तुमचे आभार मानतो. पत्र जाहीर लिहितोय, कारण सेवेत असलेल्या कुठल्याही बहिणीला यातलं काहीतरी आजच कामी येईल.

शास्त्राभ्यासाचा गट ८ ते १० जणींचा ठेवा, हे तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत. त्याहून मोठा झाला की ठरावीक चौघीच बोलतात. उतारा १०-१५ वचनांचा, दोघींनी आळीपाळीने वाचलेला. मग प्रश्न याच क्रमाने: इथे काय लिहिलंय, पहिल्या ऐकणाऱ्यांना ते कसं समजलं असेल, आणि या आठवड्यात आपण काय करणार. शेवटचा प्रश्न आधी घेतला की जी ती आपल्याच मनातलं वचनात वाचू लागते. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात १० पर्यंत मोजायचं, हे तर सोन्यासारखं. पुढारीच उत्तर देऊन मोकळी झाली, तर पुढच्या खेपेला कोणी तोंड उघडत नाही.

सगळ्यात मोठं ऋण मात्र दुसऱ्याच गोष्टीचं आहे. घरात मारहाण होते असं एखादीने सांगितलं, तर ‘सहन कर, प्रार्थना कर’ म्हणून तिला परत पाठवायचं नाही, हे तुम्ही स्पष्ट शब्दांत सांगितलंत. नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समेट घडवू पाहायचा नाही. त्याच्यासमोर ती खरं बोलू शकत नाही, आणि बोललीच तर घरी गेल्यावर तिला त्याची किंमत मोजावी लागते. आधी विचारायचं ते एवढंच: आज रात्री घरी जाणं सुरक्षित आहे का? मुलं कुठे आहेत? पुढचं पाऊल तिच्या संमतीने, जाणकार समुपदेशक, डॉक्टर किंवा पोलीस यांच्या मदतीने. तिचं नाव प्रार्थनाविनंतीत घ्यायचं नाही. आणि ‘कुणालाही सांगणार नाही’ असा शब्द आधीच द्यायचा नाही, कारण मुलाच्या जिवाला धोका असेल तर सांगावंच लागतं. हे न शिकलेली पुढारी प्रेमापोटीच घात करून बसते.

अर्पणाचे पैसे नात्यात नसलेल्या दोघींनी तिथल्या तिथे मोजून सह्या करायच्या. बाईने कुठे आणि कुणाला शिकवावं याबद्दल मंडळीमंडळीत, म्हणजे चर्चाचर्चांत, मतं वेगळी असतात, म्हणून काम सुरू होण्याआधीच पाळकांशी बोलून ते लिहून ठेवायचं. नंतरचे कितीतरी वाद यानेच टळतात.

‘देवाने मला कशासाठी बोलावलंय?’ या प्रश्नावर अनेक जणी दर्शनाची वाट बघत बसतात. तुम्ही त्यांच्या हातात काम दिलंत: एक छोटी जबाबदारी, ३ महिने. मग बसून बघायचं की कुणाला लाभ झाला, मंडळी काय म्हणते, आणि करताना मनाला उभारी येते की नुसता थकवा. कृपादान, म्हणजे सेवेसाठी देवाने दिलेली देणगी, असं कामातून कळतं. गाणं, स्वयंपाक, रविवारची शाळा, आजाऱ्यांच्या भेटी हे सगळं एकीच्याच गळ्यात पडलं, तर तिला कशाचंच दान नाही असं वाटू लागतं. मोशेच्या सासऱ्याने, इथ्रोने, त्याला हेच बजावलं होतं (निर्गम १८): तू झिजून जाशील, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम.

म्हणून पहिल्याच दिवशी सोबतीण निवडायची. आधी ती बघते, मग अर्धा अभ्यास घेते, मग पूर्ण घेते आणि आपण मागे गप्प बसतो. चूक झाली तर सगळ्यांसमोर टोकायचं नाही. प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्याने अपुल्लोस या उपदेशकाला जवळ बोलावून देवाचा मार्ग अधिक नीट समजावला (प्रेषितांची कृत्ये १८:२६), तसंच करायचं. पुष्कळ गट इथेच मोडतात, कारण पुढारीण जागा सोडत नाही. तुम्ही मात्र वर्ग आमच्यावर सोपवून मागच्या रांगेत जाऊन बसलात, याबद्दल वेगळे आभार.

तुमची हरकत नसेल तर तुमची टिपणं आमच्या सोबतिणींनाही देतो.

ख्रिस्तात तुमच्या,
भगिनी मंडळाच्या पुढारी