वजा झालेला अर्धा तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कामाच्या तासांविषयीच्या कायद्यांत बदल करण्यास मंजुरी दिली. कारखान्यांतील दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारावर आणि दुकाने व आस्थापनांतील मर्यादा नऊवरून दहावर जाणार, याची तेव्हा बरीच चर्चा झाली. त्याच निर्णयात कारखान्यातील कामगाराला पाच तासांऐवजी सहा तासांनंतर विश्रांती देण्याची तरतूद होती; तिच्याविषयी मात्र मला फारसे काही वाचायला मिळाले नाही. भोसरीच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षे टाइमकीपर होतो. हजेरीची कार्डे, पाळ्या आणि ओव्हरटाइम यांचे हिशेब करण्यात माझी नोकरी गेली, म्हणून जेवणाच्या सुट्टीविषयी चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

आमच्याकडे भोंगा झाला की लेथ थांबत आणि पुढचा अर्धा तास फोरमनही कोणाला कशाला हात लावायला सांगत नसे. एखादे मशीन बंद पडले आणि मेंटेनन्सच्या माणसाला डब्यावरून उठवावे लागले, तर त्याला तो वेळ नंतर मिळे किंवा त्याच्या कार्डावर ओव्हरटाइम लागे, आणि ती नोंद मीच करीत असे. सुट्टीच्या त्या वेळेचा पगार कोणाला मिळत नव्हता आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नव्हती, कारण तो वेळ खरोखरच आमचा होता.

माझी सून कापडाच्या एका मोठ्या दुकानात बिलिंगच्या काउंटरवर आहे. गेल्या लग्नसराईत तिचे औषध घरी राहिले, ते देण्यासाठी मी दुपारी दोनच्या सुमारास दुकानात गेलो. गोदामाकडे जाणाऱ्या जिन्याच्या पायरीवर बसून ती जेवत होती. भाकरीचा दुसरा तुकडा मोडत नाही तोच बाहेरून हाक आली. ती उठली, खरकटा हात डब्याच्या फडक्याला पुसला, डाव्या हाताने दोन बिले काढली आणि परत आली, तेवढ्यात पुन्हा हाक. जुन्या सवयीने माझे लक्ष घड्याळाकडे होते. अर्ध्या तासात ती तीन वेळा उठली आणि जेवायला तिला एकूण अकरा मिनिटे मिळाली. संध्याकाळी हजेरीच्या यंत्राने मात्र रोजच्यासारखा पूर्ण अर्धा तास तिच्या कामाच्या वेळेतून वजा केला. ती वजावट यंत्रात आधीच बसवलेली आहे. माणूस जेवला की नाही, हे ते यंत्र विचारत नाही.

महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली आणि किमान अर्ध्या तासाची विश्रांती दिल्याशिवाय कोणाकडूनही सलग पाच तासांपेक्षा जास्त काम करून घेता येणार नाही, असे सांगितले. मालकाने या अर्ध्या तासाचा पगार द्यावा, अशी माझी मागणी नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, जो वेळ कामाच्या तासांतून वजा होतो तो कामगाराच्या हाती पडलाच पाहिजे, आणि जो वेळ त्याच्या हाती पडत नाही तो वजा होता कामा नये. काउंटर सोडायचा नाही, फोन उचलायचा, गिऱ्हाईक आले की उठायचे, अशा अटींवर दिलेली सुट्टी ही विश्रांती नव्हे. ते बिनपगारी काम आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्यापारी पेढ्या आणि कचेऱ्यांसाठीच्या १९३०च्या कराराने कामाच्या तासांची व्याख्याच अशी केली आहे की, कर्मचारी ज्या वेळात मालकाच्या दिमतीला असतो तो वेळ कामाचा, आणि ज्या विश्रांतीत तो मालकाच्या दिमतीला नसतो तेवढीच विश्रांती त्यातून वगळायची. तो करार आपल्यावर बंधनकारक आहे की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी यापेक्षा सरळ कसोटी मला सापडलेली नाही.

आता हिशेब पाहा. सकाळी दहा ते संध्याकाळी साडेसहा, मध्ये अर्धा तास जेवणाचा, असे आठ तास सहा दिवस भरले की आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास तिथेच पूर्ण होतात. त्यावर रोजचा अर्धा तास कामात गेला, तर आठवड्याला तीन तास जास्त होतात. महिन्याच्या सव्वीस दिवसांत हे तेरा तास झाले, आणि ओव्हरटाइमच्या दुप्पट दराने धरले तर सव्वीस तासांचा, म्हणजे सव्वातीन दिवसांचा पगार झाला. ज्या घरात महिनाअखेरीला दुधाचे बिल पुढे ढकलले जाते, त्या घराला ही रक्कम लहान नाही. उलट, जेवायला घरी जाऊन आलेला माणूस पाच मिनिटे उशिरा आला, तर त्याच्या नावावर लेटमार्क तत्परतेने पडतो. यंत्राला मिनिटे मोजता येतात, तर ती दोन्ही बाजूंची मोजावीत.

हा अर्धा तास कोणी सहजासहजी दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने जे मागणीपत्र तयार केले, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. रविवारच्या सुट्टीसाठी लोखंड्यांचे नाव आपण घेतो. पण त्या मागणीपत्रात दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीची मागणीही होती, आणि १८९१च्या कारखाने कायद्याने ती मान्य केली. गिरणीच्या धुरळ्यात उभे राहून भाकरी खाणाऱ्यांनी मिळवलेली ही गोष्ट आज वातानुकूलित दुकानातल्या मुलींच्या हातून निसटते आहे, याचे मला फार वाईट वाटते.

आणखी एक काळजी आहे. २०१७चा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू झाला; मंत्रिमंडळाच्या निर्णयात ती मर्यादा वीसवर नेण्यात आली. बारा-पंधरा माणसांच्या दुकानात आधीच एकाच्या जागी उभा राहायला दुसरा नसतो, आणि जेवणाची सुट्टी सर्वांत जास्त तिथेच मोडते. नेमकी हीच दुकाने कायद्याच्या कक्षेतून बाहेर जात असतील, तर तिथल्या माणसाने दाद कोणाकडे मागायची, याचे उत्तर कामगार विभागाने द्यावे. तसेच, हजेरीच्या यंत्रातील आपोआप होणारी वजावट बंद करून सुट्टीची प्रत्यक्ष सुरुवात आणि शेवट नोंदवणे सक्तीचे करावे. या कायद्याखाली निरीक्षकांना आता सुविधाकार म्हणतात. त्यांनी तपासणीत पगारपत्रक पाहावेच, पण दुपारी दोन वाजता दुकानात कोण कुठे बसून जेवते आहे, तेही पाहावे.

हे पत्र केवळ मालकवर्गासाठी नाही. आपल्या इमारतींच्या फाटकांवर बारा-बारा तास बसणारे पहारेकरीही गाडीचा हॉर्न वाजला की ताटावरून उठतात, आणि तो हॉर्न आपणच वाजवतो. आमच्या सोसायटीत हा विषय मी सभेत मांडला. आता दुपारी दीड ते दोन फाटकावर सभासदांपैकी एक जण बसतो आणि पहारेकरी क्लबहाउसमध्ये पंख्याखाली जेवतो. मंगळवारची पाळी माझी आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त टाइमकीपर, चिंचवड