बार्बेक्यू घेण्याआधी घर बघा

महोदय,

परदेशात नव्याने घर थाटलेली ओळखीची मंडळी उन्हाळा जवळ आला की मला हमखास विचारतात, बार्बेक्यू गॅसचा घेऊ की कोळशाचा? मी सात वर्षं कोळशावर भाजलं आणि त्यानंतर आजवर गॅसवर भाजते आहे. विचारणाऱ्यांचं बोलणं चवीपासून सुरू होतं आणि चवीपाशीच संपतं. माझ्या मते हा निर्णय घर बघून घ्यायचा असतो, म्हणून हे पत्र.

चवीचं आधी सांगून टाकते. भाजल्याचा तो खमंग वास बराचसा येतो तो चरबी आणि रस खाली तापलेल्या पत्र्यावर किंवा निखाऱ्यावर ठिबकून उठणाऱ्या धुराचा. तो गॅसवरही उठतो. वेगळी असते ती आच. प्रोपेन जळताना पाण्याची वाफही तयार होते. चांगला कोळसा म्हणजे बहुतेक सगळा कार्बनच, त्यामुळे त्याची आच कोरडी, आणि कड पटकन कुरकुरीत होते. दहा मिनिटांत होणाऱ्या पातळ कापांत हा फरक मला कधी जाणवला नाही. जाड तुकडा झाकणाखाली तास-दीड तास ठेवायचा असेल आणि निखाऱ्यांवर लाकडाची ढलपी टाकली असेल, तर मात्र कोळशाला तोड नाही. हे मी आजही मानते.

पण कोळसा वेळ मागतो. बुडाशी कागद पेटवून पत्र्याच्या नळकांड्यात तो रचला, तरी त्यावर राखेचा करडा थर चढायला वीस-तीस मिनिटं जातात. खाणं उरकल्यावर निखारे कित्येक तास धगधगत राहतात. वरून राख दिसते आणि आत लाल असतं. कामावरून संध्याकाळी घरी येणाऱ्याला हे रोज जमत नाही. माझा कोळशाचा बार्बेक्यू अख्ख्या उन्हाळ्यात चार-पाच वेळा पेटायचा, गॅसचा आठवड्यातून दोनदा पेटतो.

तिसऱ्या वर्षीची एक संध्याकाळ मी विसरलेली नाही. अचानक पाऊस आला आणि विझल्यासारखा दिसणारा बार्बेक्यू मी घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये ओढून घेतला. थोड्याच वेळात आतल्या खोलीतला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजू लागला. या वायूला ना रंग ना वास. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि माणसाला वाटतं आपण फक्त दमलोय. थंड देशांतली घरं ऊब बाहेर जाऊ नये म्हणून फट न ठेवता बांधलेली असतात, त्यामुळे वायू आतच कोंडतो. रात्री ऊब मिळावी म्हणून विझत आलेला बार्बेक्यू तंबूत नेऊन माणसं दगावली आहेत. गॅरेजचं दार उघडं ठेवलं तरी हा धोका टळत नाही. घरात अलार्म नसता तर मी काही हे पत्र लिहायला बसले नसते.

गॅस निर्धोक आहे असं मी म्हणत नाही. प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असतो. गळला तर वर न जाता जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर तळघरात कधीही ठेवू नये. मोसमात पहिल्यांदा जोडताना सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावं, आणि पेटवताना झाकण उघडंच असावं. आत गॅस साचला असेल तर बंद झाकणाखाली भडका उडतो. थंडीतही भाजायची हौस असेल तर सिलिंडर प्रोपेनचा घ्या. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप व्हायचा थांबतो, प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत साथ देतो. एका देशातून दुसऱ्या देशात बदली होते तेव्हा लोक बार्बेक्यू सामानात भरतात. नव्या जागी सिलिंडरची तोटी वेगळी, रेग्युलेटरचा दाब वेगळा असू शकतो, आणि घरात पाइपने येणारा नैसर्गिक वायू असेल तर बर्नरची छिद्रंही वेगळ्या मापाची लागतात. जुळवाजुळव स्वतः करू नका, शेगडी विकून टाका.

राहिली गच्ची आणि बाल्कनी. कित्येक इमारतींत कोळसा चालत नाही, काहींत सिलिंडरही चालत नाही. भाडेकराराची आणि घराच्या विम्याची कलमं आधी वाचा, घरमालकाकडून लेखी विचारून घ्या. कोळसा आणि गॅस दोन्हींना मनाई असेल तर विजेची जाळी घ्या, त्यात कमीपणा नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी गॅस. पुढे मोकळं अंगण मिळालं, सुट्टीचा दिवस हाताशी असला आणि शेजाऱ्यांच्या खिडक्या धुराच्या वाटेत नसल्या, की कोळसा जरूर घ्या. त्याच खरेदीत राखेसाठी झाकणाची पत्र्याची बादली आणि घरात लावायला मोनॉक्साइडचा अलार्म घ्या. राख पुरती थंड होईपर्यंत ती बादली भिंतीपासून आणि लाकडी ओट्यापासून दूर, बाहेरच राहू द्या.

आपली,
एक वाचक