पेसमेकर आणि तपासणीची चौकट

माननीय संपादक,

डाव्या खांद्याखाली पेसमेकर, म्हणजे हृदयाचे ठोके नियमित ठेवणारे छोटे यंत्र, बसवल्यावर सहा आठवडे तो हात वर न्यायचा नव्हता, त्यामुळे माझी वेणी सूनबाई घालत असे. मोबाइल पेसमेकरपासून दूर राहावा म्हणून तो उजव्या कानाला लावायची सवयही हळूहळू जडली. मात्र धातुशोधक चौकटीतून न थांबता चालत जाण्यास हरकत नसते, हातातले तपासणीयंत्र तेवढे छातीवर रेंगाळू नये, हे अनेक सुरक्षारक्षकांना ठाऊकच नसते. परवा एका देवळात पेसमेकरचे कार्ड दाखवूनही मला त्या चौकटीतच उभे करून ठेवले. १९५८ मध्ये स्वीडनमध्ये ज्यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला गेला, ते रुग्ण आर्ने लार्सन २००१ पर्यंत जगले. आम्हीही हिंडणार, फिरणार. रक्षकांच्या प्रशिक्षणात एवढी माहिती द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक ज्येष्ठ वाचक, सातारा