आप्पांची मोटर बंद करायला लावणाऱ्या डॉक्टरसाहेबांना

नमस्कार डॉक्टरसाहेब,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते चालणार नाही. पण पत्र वाचलं की बरोबर ओळखाल.

आधी राग काढून टाकतो, अजून जात नाहीये. छातीत जड वाटतंय, हात दुखतोय, बनियन घामाने भिजलंय, आप्पा स्वतः सांगत होते तरी पहिल्या दवाखान्यात गॅस झालाय म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. ईसीजीचं मशीन समोर होतं, काढला नाही. दुसरीकडे गेलो तर आधी डिपॉझिट मग पेशंट. चोपड्याकडून तापी ओलांडून जळगाव गाठेपर्यंत किती वेळ वाया गेला, आणि नस बंद असली की हार्टचा स्नायू मरतच जातो.

तुमच्याकडे पैशाचं नंतर बघू म्हणाले आणि डायरेक्ट आत घेतलं. हार्टची उजवी नस रक्ताच्या गुठळीने गच्च भरलेली निघाली. मला वाटलं आता नस उघडायला फुगा, मग ती उघडी ठेवायला स्टेंटची जाळी, संपलं. पण तुम्ही बाहेर येऊन समजावलंत की एवढ्या मोठ्या गुठळीवर सरळ फुगा फुगवला तर तुकडे पुढच्या बारीक नसांमध्ये अडकू शकतात, मग मोठी नस उघडी दिसते आणि स्नायूला रक्त पोचतच नाही, म्हणून बारीक नळीने गुठळी विरघळवायचं औषध थेट गुठळीपाशी सोडू, थोडं थांबू, मग फुगा. रक्तस्रावाचा धोका लपवला नाहीत. सरसकट सगळ्यांना करून फायदा दिसलेला नाही, यांची गुठळी बघून ठरवतोय, हेही सांगितलंत. नंतर वाचलं, हार्टच्या नसेत फुगा घालून ती उघडायची पहिली अँजिओप्लास्टी १९७७ ची आणि हार्ट अटॅकमध्ये नसेत औषध सोडणं डॉ. रेंट्रॉप यांनी जर्मनीत १९७९ ला केलं होतं. आम्हाला कुठं माहीत होतं हे.

पण मला आठवतं ते वेगळंच. औषध सोडून तुम्ही थांबला होतात, आप्पा टेबलावर जागे आणि सारखे चुळबुळ करत होते. दुखतंय का म्हणून विचारून तुम्ही सोडून दिलं नाहीत, अहिराणीत विचारलंत की आप्पा, कसानी चिंता शे? तर ते म्हणाले मोटर चालू राही गयी. रात्रीच्या लाईटीवर केळीला पाणी लावलेलं आणि आम्ही तसेच निघालो होतो. तुम्ही ब्रदरला बाहेर पाठवलंत, गावात कोणाला तरी फोन करा, बंद झाली की आत कळवा. मी चुलतभावाला उठवलं, तो शेतात गेला, निरोप आत गेला. आप्पा म्हणतात ते ऐकलं आणि जीव थाऱ्यावर आला, मग फुगा कधी फुगवला, स्टेंट कधी बसला काही मनावरच घेतलं नाही.

डॉक्टरसाहेब, एवढ्या घाईत कोणी शेतकऱ्याची मोटर लक्षात ठेवतं का हो? डिग्र्या त्या आधीच्या दोघांकडेपण असतीलच. माणूस काय सांगतोय ते ऐकायला पैसे लागत नाहीत, मशीन लागत नाही, तरी किती कमी लोक ऐकतात. तुमचे ब्रदर, सिस्टर, रात्री आईला चहा आणून देणाऱ्या मावशी, सगळे तसेच निघाले, म्हणजे वरून शिकवण आहे.

आप्पा आता बांधापर्यंत चालतात, गोळ्या चुकवत नाहीत, तंबाखू सुटलीय. पुढच्या तपासणीला येताना भरताची वांगी आणणार आहेत तुमच्यासाठी, पोतंभर म्हणत होते, मी पिशवीवर आणलंय. नाही म्हणू नका, त्यांना वाईट वाटेल.

तुमचा,
आप्पांचा मोठा मुलगा